कारेगावात खोली घेताय? आधी करार बघा

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या कारेगावात भाड्याचा बाजार चालतो तो शेजारच्या रांजणगाव एमआयडीसीच्या भोंग्यावर. फियाट, एलजी, व्हर्लपूल असे कारखाने इथे आहेत. कंत्राटी कामगाराला कंपनीजवळ खोली हवी असते आणि शेतकऱ्याला रस्त्यालगतच्या गुंठ्यातून उत्पन्न. म्हणून शेतात पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या खोल्यांची रांग उभी राहते. दारात चपलांचा ढीग, दोरीवर कंपनीचे गणवेश.

गुंतवणूकदारांनी एक ध्यानात ठेवावं: कारखान्याने माणसं कमी केली की आधी खोल्याच रिकाम्या होतात.

खरी गोम कागदात आहे. ‘तोंडी ठरलंय’ हे मालकाच्याच अंगाशी येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नोंदणी ऑनलाइन होते. खोलीची किल्ली हातात घेण्याआधी डिपॉझिटचा आकडा करारात लिहून घ्या.