माहेर नसलेल्यांचा सव्वा महिना

पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा उरत नाही. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे धरण आता भजी, चहा आणि भाजलेल्या कणसांवर कितीतरी घरे चालवते. गेल्या आषाढात अशाच एका टपरीच्या मागे, निळ्या प्लास्टिकखाली, साडीच्या झोळीत दोन महिन्यांचे बाळ निजलेले दिसले. आई पुढे कणसे भाजत होती. बाप कुठल्याशा बंगल्यावर वॉचमन. मी सहज विचारले, "बाळंतपणाला माहेरी नव्हतीस का गेली?"

"आई-बाबा वीटभट्टीवर होते, काकू. घराला कुलूप होतं."

माहेराला कुलूप ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. पहिलटकरीण माहेरी जाते, सव्वा महिना बाजेवर राहते, शेक-शेगडी होते, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू होतात, रात्री रडणारे बाळ आजी मांडीवर घेते. सोवळ्या-विटाळाच्या जाचक कल्पना त्यात होत्याच, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मुळात ती विश्रांतीची, अन्नाची आणि सोबतीची एक व्यवस्था होती. तान्ह्या बाळाच्या आईबापांना आधार देणारी आपली पहिली सामाजिक संस्था कोणती, असे विचारले तर मी 'माहेर' असेच उत्तर देईन. या संस्थेचा दोष एकच: जिला माहेर नाही, तिला काहीच नाही.

ते नसणे काय असते, हे मला ठाऊक आहे. माझ्या थोरल्या मुलीच्या जन्माआधीच माझी आई गेली होती. बाळाकडे पाहून मला काहीच वाटत नव्हते आणि हे सांगायची लाज वाटत होती. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या शेजारच्या मावशींनी नवव्या दिवशी मला विचारले, "तू जेवलीस का गं?" तोवर आलेल्या प्रत्येकाने बाळाचीच चौकशी केली होती. मी तासभर रडले. मावशी दुसऱ्या दिवसापासून येताना भाकरी आणू लागल्या. पुढे या विषयावर जमेल तसे वाचत गेले, त्याची सुरुवात तिथे आहे.

माहेर नसलेल्या आईसाठी समाजाने काय केले, हे शोधू लागले की महाराष्ट्रात आधी फुले दांपत्यापाशी थांबावे लागते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गरोदर राहिलेल्या विधवेला सासर नाही, माहेरही नाही. तिने तिथे यावे, बाळंत व्हावे. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले. संकटातल्या आईला दोष न देता दार उघडायचे, हे तत्त्व तिथे दिसते.

दुसरे तत्त्व त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी आले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे त्यांना दिसले. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण कार्यालयासारखा वापरतो, पण त्याचा अर्थ 'तुम्ही येत नाही, तर आम्ही येतो' असा आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

हे 'आम्ही येतो' किती जीव वाचवू शकते, ते गडचिरोलीत मोजून दाखवले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला दिसत होते की बाळे पहिल्या महिन्यात, घरातच दगावतात. दवाखाना दूर, आणि ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायला घरचे तयार नाहीत. तेव्हा गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन 'आरोग्यदूत' केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबदार ठेवणे, अंगावर पिण्यात अडचण असेल तर आईला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे, हे सारे त्या घरी जाऊन करू लागल्या. ३९ गावांत हे काम झाले आणि ४७ गावांशी तुलना केली. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे नवजात बालमृत्यू ६२ होते. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ते सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०११ साली आशाताईंमार्फत 'घरच्या घरी नवजात बालकाची काळजी' हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला.

वाचकांनी त्याचे वेळापत्रक लक्षात ठेवावे, कारण ते मागता येते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. बेचाळिसावा दिवस म्हणजे आपला सव्वा महिना उलटून थोडे दिवस. २०१८पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातल्या भेटीही जोडल्या गेल्या. पहिल्या सहा-सात भेटींसाठी मिळून केंद्राने ठरवलेला मोबदला २५० रुपये. एवढ्या पैशात आपण माहेर उभे करू पाहतो आहोत, हेही लक्षात ठेवावे.

या व्यवस्थेत दोन भोके आहेत.

पहिले भोक पत्त्याचे. आशाताईच्या यादीत नाव असावे लागते. मावळातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. बंगल्यांचे वॉचमन आणि टपरीवाले बाहेरून येतात. त्यांचे नाव एका गावी, बाळ दुसऱ्या गावी. २०२१च्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवण्याची सोय आहे. पण ती आहे हे त्या आईला कोणी सांगायचे? कायद्याचेही तसेच. २०१७ साली प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पण कणसे भाजणारीला रजा देणार कोण? तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये आहेत, तेही हप्त्यांनी आणि कागदपत्रे जुळली तर. बापाचा तर विचारच नाही: केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, वॉचमनला कायद्याने एकही दिवस नाही.

दुसरे भोक आईच्या मनाचे. गोव्यातल्या एका रुग्णालयात २५२ मातांचा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या ५९ जणींमध्ये, म्हणजे जवळपास चौथाई स्त्रियांमध्ये, नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याचे दडपण ही त्यामागची कारणे होती. आपल्याकडे याला 'बाळंतवारा' म्हणतात, नाहीतर 'नाटकं'. पुढे गोव्यातच 'संगाथ' संस्थेने वस्तीतल्या साध्या, स्वतः आई असलेल्या बायकांना शिकवून अशा स्त्रियांच्या घरी पाठवले. त्या ऐकून घेत, जेवण-झोपेची विचारपूस करीत, बाळाशी खेळायला सुचवीत, घरच्यांना मदतीत ओढीत. त्याचा उपयोग झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. माझ्या मावशींनी भाकरी आणून जे केले, तेच हे. फक्त शिकवून, नोंदवून केलेले.

म्हणून मागणी नव्या योजनेची नाही. दार ठोठावणारी बाई आधीच आहे. तिला पुरेसा मोबदला द्यावा, यादीत नाव नसलेल्या दारावरही थांबायची मुभा द्यावी, आणि बाळाचे वजन लिहून झाल्यावर आईबापांसाठी पाच मिनिटे द्यावीत. ज्या बाळंतिणीला आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, बाळाजवळ जावेसे वाटत नाही किंवा जीव नकोसा झाला आहे, तिला धीर देऊन भागणार नाही. तिला डॉक्टरकडे न्यायला हवे.

टपरीवरच्या त्या मुलीला घेऊन मी पुढच्या आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत गेले. सेविकाताईंनी काचकूच न करता नाव लिहून घेतले, बाळ काट्यावर ठेवले, वजन ठीक निघाले. लसीचा एक डोस राहिला होता, त्याचा दिवस सांगितला. परतताना ती म्हणाली, "काकू, इथं अंगणवाडी आहे हे मला म्हाईतच नव्हतं." तिची टपरी तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे.