तापलेल्या भूमीवरील मुक्काम : प्रवासवर्णनाच्या अभ्यासासाठी एक उदाहरण

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी स्पष्ट करता येतील.

१. प्रवासवर्णनात भूमीचे स्थान केवळ पार्श्वभूमीचे का नसते?
२. भूमीच्या घडणीचे कारण समजल्याने वर्णनात कोणता फरक पडतो?
३. प्रवाशाची जबाबदारी हा प्रवासवर्णनाचा विषय कसा होतो?

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकारात लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाला महत्त्व असते, हे आपण जाणता. परंतु लेखक ज्या भूमीतून जातो, तिलाही स्वतःचे व्यक्तिमत्त्व असते. पुष्कळ प्रवासलेखांत ते हरवते. समुद्र 'अथांग', डोंगर 'हिरवेगार' आणि सूर्यास्त 'डोळ्यांचे पारणे फेडणारा' असे लिहिले की वर्णन झाले, असा समज असतो. ही विशेषणे दापोलीला लागू पडतात आणि न्यूझीलंडलाही. जे विशेषण सर्वत्र लागू पडते, ते कोणत्याच स्थळाचे वर्णन करीत नाही.

या पाठात आपण एक उदाहरण घेऊन विचार करू. अशी कल्पना करा की, एक मराठी दांपत्य न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर मोटारीने प्रवास करीत आहे. ऑकलंडहून निघून ते कोरोमंडल द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने जाते, पुढे प्लेंटीच्या उपसागराकाठी फाकाटाने गावापर्यंत पोहोचते आणि तेथून आत वळून रोटोरुआमार्गे टाउपो सरोवराशी येते. हॉटेलात न उतरता ते गाडीतच झोपते व गाडीतच स्वयंपाक करते. अशा प्रवासाचे वर्णन करताना लेखकाने काय पाहावे, हा आपला प्रश्न आहे.

२. मुक्कामाच्या प्रवासाचे स्वरूप

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण अशा प्रवासाला अक्षरशः लागू पडते. घर सोबत असल्याने प्रवासी आणि भूमी यांच्यामध्ये यजमान, नोकर किंवा भिंत उरत नाही. पाणी कोठून भरायचे, सांडपाणी कोठे रिकामे करायचे, वारा कोणत्या दिशेचा आहे, हे प्रश्न रोज सोडवावे लागतात. म्हणूनच अशा प्रवासात भूमीची ओळख अधिक जवळून होते.

तथापि, कोठेही गाडी उभी करून राहण्याची मोकळीक तेथे नाही. न्यूझीलंडमध्ये यासाठी २०११ साली स्वतंत्र कायदा झाला. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन, स्वयंपूर्ण म्हणून प्रमाणित होणाऱ्या वाहनात कायमचे बसवलेले शौचालय असणे आवश्यक ठरले. हा नियम प्रवासवर्णनात कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु स्थानिक लोक पाहुण्यांकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे अशा नियमांतूनच कळते.

३. भूमीचे वाचन

कोरोमंडलच्या पूर्व किनाऱ्यावर एक प्रसिद्ध पुळण आहे. तेथे ओहोटीच्या वेळेआधी दोन तास आणि नंतर दोन तास वाळूत खड्डा खणला, तर त्यात ऊन पाणी भरते. काही ठिकाणी त्याचे तापमान ६४ अंश सेल्सिअसपर्यंत असते. भरती आली की खड्डे बुजतात. येथे स्नानाची वेळ घड्याळ ठरवीत नाही, चंद्र ठरवतो. 'आम्ही गरम वाळूत बसलो, फार मजा आली' या वाक्यापेक्षा भरती-ओहोटीचे हे एक वाक्य वाचकाला त्या किनाऱ्याच्या अधिक जवळ नेते.

आता कारणाकडे वळू. उत्तर बेटाच्या पूर्वेस पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली वर्षाकाठी काही सेंटीमीटर या गतीने सरकत आहे. खाली जाणाऱ्या भूपट्टातून मुक्त होणाऱ्या पाण्यामुळे वरचा खडक वितळण्यास मदत होते व शिलारस तयार होतो. म्हणून समुद्रातील फाकारी या बेटापासून रोटोरुआ व टाउपोवरून टोंगारिरो पर्वतापर्यंत ज्वालामुखींचा एक पट्टा पसरला आहे. स्वतः टाउपो सरोवर हे महाउद्रेकांनी खचलेले विवर आहे. त्यातील एक प्रचंड उद्रेक सुमारे २५,५०० वर्षांपूर्वीचा असून शेवटचा मोठा उद्रेक सुमारे अठराशे वर्षांपूर्वी झाला.

येथे कोकणाशी तुलना उपयुक्त ठरेल. गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर येथील उन्हाळी आपणांस ठाऊक असतील. परंतु तेथे जागृत ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून तो कधीच निवला आहे. कोकणात पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. दोन्हीकडे वाफ सारखी दिसते. कारण मात्र भिन्न आहे. 'हे अगदी आपल्या कोकणासारखेच' असे लिहिणारा लेखक वाचकाला ओळखीचा आनंद देतो, परंतु नवे ज्ञान देत नाही.

४. एकच कारण, दोन रूपे

या पट्ट्यातील सुख आणि संकट यांचे मूळ एकच आहे. फाकाटाने गावापासून सुमारे ४८ किलोमीटरवर समुद्रात फाकारी हे ज्वालामुखी बेट आहे. पर्यटक तेथे बोटीने जात असत. नोव्हेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या इशाऱ्याची पातळी वाढवली होती, तरी सहली चालूच राहिल्या. ९ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी उद्रेक झाला, तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांपैकी २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत पर्यटक होते, तसे त्यांना वाट दाखवणारे मार्गदर्शकही होते.

या घटनेविषयी लिहिताना भयाचे रसभरीत वर्णन करण्याचा मोह होतो. तो टाळावा. लेखकाने एवढेच दाखवावे की, ज्या उष्णतेने आदल्या दिवशी किनाऱ्यावरील खड्ड्यात अंग शेकले, तिच्याच स्वभावाचे हे दुसरे रूप आहे. लहान गोष्टींतही हे दिसते. रानातील ऊन पाण्याच्या डोहात डोके बुडवू नये, अशा सूचना तेथे लावलेल्या असतात. कारण नाकावाटे शिरणारा एक सूक्ष्म जीव मेंदूला प्राणघातक रोग करू शकतो. तापलेल्या भूमीवर पायवाट सोडू नये, कारण वरचा थर पातळ असू शकतो. या सूचनांतून त्या भूमीचा स्वभावच व्यक्त होतो.

५. यजमानांची भूमी

भूगर्भशास्त्राने सांगितलेला हा पट्टा माओरी लोकांच्या परंपरेत फार आधीपासून आहे. ते आरावा या जमातीच्या कथेनुसार न्गाटोरोइरांगी हा पुरोहित टोंगारिरोच्या शिखरावर थंडीने गारठला. त्याने दूरच्या मूळभूमीतील आपल्या बहिणींना अग्नी पाठवण्यासाठी हाक मारली. तो अग्नी समुद्राखालून व जमिनीखालून आला आणि जेथे जेथे वर निघाला, तेथे तेथे ऊन पाणी व वाफ उरली. त्यांत फाकारी आहे, रोटोरुआही आहे. आपल्या दांपत्याची गाडी ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने ही कथाही जाते. शास्त्र आणि कथा एकमेकांची जागा घेत नाहीत. शास्त्र कारण सांगते, तर कथा भूमीशी असलेले नाते सांगते.

या नात्याला इतिहासही आहे. टारावेरा पर्वताजवळ गुलाबी व पांढऱ्या सिलिकेच्या पायऱ्या होत्या. एकोणिसाव्या शतकात त्या पाहण्यासाठी दूरदेशांहून प्रवासी येत आणि स्थानिक माओरी लोक त्यांना वाट दाखवीत. १० जून १८८६ रोजी टारावेराचा उद्रेक झाला. पायऱ्या नाहीशा झाल्या व शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य माओरी होते. सोफिया हिनेरांगी या मार्गदर्शक स्त्रीच्या घरात साठांहून अधिक लोकांनी आश्रय घेतला व ते वाचले. पुढे तिने रोटोरुआजवळील फाकारेवारेवा येथे मार्गदर्शनाचे काम चालू ठेवले. आजही तेथील वस्तीत लोक ऊन झऱ्यांच्या वाफेवर अन्न शिजवतात.

उष्णता वापरण्यालाही मर्यादा असते. टाउपोजवळ वाइराकेई येथे १९५८ साली भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. वीज मिळाली, परंतु जवळच्या खोऱ्यातील उष्णोदकाचे फवारे थांबले. रोटोरुआत घरे तापवण्यासाठी खणलेल्या विहिरींमुळे तेथील फवारेही क्षीण होऊ लागले. तेव्हा, १९८० च्या दशकात, पोहुटू या मोठ्या फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या परिसरातील विहिरी बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. ज्यांची घरे त्यांवर तापत होती, त्यांनी विरोध केला. पुढे भूमिगत पाण्याची पातळी सावरली. आज पर्यटकाला जो फवारा दिसतो, त्यामागे कोणाच्या तरी घरातील गेलेली ऊब आहे. ही गोष्ट ज्या वर्णनात येते, ते वर्णन केवळ दृश्याचे राहत नाही.

६. दोघांची दृष्टी

पती-पत्नींनी मिळून केलेला प्रवास मराठी वाचकाला नवा नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'मागील प्रवासही तसाच होता. अशा प्रवासाचा वाङ्मयीन लाभ असा की, एकाच स्थळाला दोन साक्षीदार मिळतात. रोटोरुआत शिरताच गंधकयुक्त वायूचा उग्र वास येतो. एकाला तो असह्य होतो, तर दुसऱ्याला त्यात जमिनीचा श्वास जाणवतो. एकाला आणखी पुढे जायचे असते, तर दुसऱ्याला येथेच थांबायचे असते. लेखनात 'आम्ही' हा शब्द सोयीचा असतो. परंतु तो वारंवार आला की हे मतभेद झाकले जातात. जेथे दोघांचे अनुभव वेगळे झाले, तेथे 'तो' आणि 'ती' यांना वेगळे बोलू द्यावे. मतभेदामुळे स्थळाच्या दोन बाजू वाचकापुढे येतात.

७. समारोप

सारांश, प्रवासवर्णन लिहिताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत : ही भूमी अशी का आहे? येथे कोण राहते आणि त्यांनी तिच्यासाठी काय सोसले आहे? आपण येथून जाताना मागे काय ठेवतो? माओरी भाषेत भूमीच्या राखणदारीला 'कायतियाकितांगा' असा शब्द आहे. एका रात्रीपुरता मुक्काम करणाऱ्यालाही या राखणदारीतील आपला वाटा उचलावा लागतो. प्रवासलेखकाचा वाटा भूमीचे खरे वर्णन करण्याचा आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'सुख आणि संकट यांचे मूळ एकच' हे विधान पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. कोकणातील उन्हाळी आणि न्यूझीलंडमधील ऊन झरे यांच्या कारणांतील फरक थोडक्यात लिहा.
३. आपण पाहिलेल्या एका झऱ्याचे, नदीचे किंवा किनाऱ्याचे दहा ओळींत वर्णन करा. कोठेही लागू पडेल असे एकही विशेषण वापरू नका.