मावळच्या पावसावर उभी उद्योगनगरी

जुलैत लोणावळ्याला कितीतरी दिवस सूर्य दिसत नाही, आणि त्याच वेळी पन्नासेक किलोमीटरवरच्या पिंपरीत नुसती भुरभुर असते. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पूर्वेला उतरताना तेच वारे तापून कोरडे पडतात; हीच पर्जन्यछाया. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम सातशे. पुण्याला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवडची कहाणी मला या दोन आकड्यांपासूनच सांगावीशी वाटते.

शेजारच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869चा. पण खरी उद्योगनगरी वसली ती स्वातंत्र्यानंतर. 1954 साली पिंपरीत सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली. पेनिसिलिन मोठमोठ्या टाक्यांत आंबवून तयार होतं आणि त्या टाक्या थंड ठेवायला पाणी लागतं. 1962मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच सुमारास आकुर्डीत बजाज आली, मग टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी टेल्कोच्या उजाड माळावर हजारो झाडं लावली, तळं केलं. कारखान्याआधी सावलीचा विचार करणारा असा माणूस या शहराला लाभला, हे त्याचं भाग्यच. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची 1970मध्ये नगरपालिका झाली आणि 1982मध्ये महानगरपालिका. गावोगावचे तरुण पाळीवर रुजू झाले, चाळी भरल्या, नळ वाढले.

या नळांना पाणी येतं ते मुख्यतः पवन मावळातून, म्हणजे पवना नदीच्या खोऱ्यातून. तिथल्या गावांची जमीन पवना धरणाखाली गेली. धरणातून सोडलेलं पाणी नदीने वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून शहरासाठी उचललं जातं. वाटेतल्या शेतकऱ्यांच्या मोटारी हेच पाणी उपसतात. शहराचं पाणी नदीऐवजी थेट धरणातून बंदिस्त जलवाहिनीने आणायचं ठरलं, तेव्हा मावळ उठला. गळती आणि प्रदूषण टळेल, हे महापालिकेचं म्हणणं खोटं नव्हतं. पण नदीत पाणीच राहिलं नाही तर आम्ही काय करायचं, हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता, आणि धरणात जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचं काय, हा प्रश्न तर त्याहून जुना होता. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले.

उद्योगनगरीचा इतिहास लिहिताना आपण कारखान्यांची आणि उद्योगपतींची नावं घेतो. ती घ्यायलाच हवीत. पण सातशे मिलिमीटरच्या गावात लाखोंची वस्ती आणि अहोरात्र चालणारी यंत्रं पोसली गेली ती दुसऱ्याच्या शिवारात पडलेल्या पावसावर. पुण्याच्या कोरड्या हवेचं कौतुक करताना पवन मावळातल्या त्या बुडालेल्या जमिनींचा उल्लेख मला क्वचितच ऐकू येतो. शाळेच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा धडा आहे, तिथे जमिनी गमावलेल्या या गावांची नावं यायला हवीत.