वाटेच्या शेवटची ओसरी : ऑकलंडमधील पदभ्रमण आणि पब

राजगड उतरून गुंजवण्यात आलेला ट्रेकर एखाद्या घराच्या ओसरीवर पाय पसरतो आणि पिठले-भाकरीची वाट पाहतो. दिवसभराच्या चालण्याला तेथे पूर्णता येते. ऑकलंडमध्ये या ओसरीची जागा पबने घेतली आहे. किनाऱ्याने किंवा टेकड्यांवरून काही तास चालावे, वाटेवरच्या जुन्या पबमध्ये थांबून जेवावे, गप्पा माराव्यात आणि परतावे, ही इंग्लंडमधून आलेली रीत येथे चांगली रुजली आहे. नव्याने आलेली अनेक मराठी कुटुंबे मात्र ‘आपण पीत नाही, आपले तेथे काय काम?’ असे म्हणून तिच्यापासून दूर राहतात. या रीतीचा इतिहास आणि येथील कायदा पाहिला, तर हा संकोच अनाठायी ठरतो.

पबचा स्वभाव कसा बदलला?

न्यूझीलंडचा पब नेहमीच कुटुंबाला सामावून घेणारा नव्हता. १९१७ पासून १९६७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, पब संध्याकाळी सहा वाजता बंद होत. काम सुटल्यापासून सहापर्यंतच्या तासाभरात शक्य तितके रिचवायचे, अशी पुरुषांची घाई त्यातून निर्माण झाली. निवांत बसणे, जेवणे, बोलणे यांना तेथे वाव उरला नाही. काही वस्त्यांनी तर मतदानाने दारूविक्रीच नाकारली होती. वर्धा-गडचिरोलीची दारूबंदी ठाऊक असलेल्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही. पण आज भारतीय दुकाने आणि उपाहारगृहांनी गजबजलेला रॉस्किलचा परिसर आणि शेजारचे ईडन हे १९९९ पर्यंत असे ‘कोरडे’ विभाग होते, हे थोड्यांनाच माहीत असते.

आजचे चित्र २०१२ च्या मद्यविक्री कायद्याने घडवले आहे. बसून पिण्याचा परवाना असलेल्या जागेने मद्यविरहित व कमी मद्यार्काची पेये आणि खाद्यपदार्थ उपलब्ध ठेवणे, पिण्याचे पाणी विनामूल्य देणे आणि घरी परतण्याच्या वाहतुकीची माहिती देणे बंधनकारक आहे. ‘पर्यवेक्षित’ ठरवलेल्या भागात अठरा वर्षांखालील मुलांना आईवडील किंवा पालकांसोबत बसता येते. ‘प्रतिबंधित’ भागात मात्र त्यांना प्रवेश नसतो. म्हणजे लिंबूपाणी आणि बटाट्याच्या चिप्स मागवणारे मराठी कुटुंब तेथे कोणाच्या मेहेरबानीने बसत नाही.

तीन वाटा

पहिली वाट डेव्हनपोर्टची. शहराच्या धक्क्यावरून फेरीबोट सुमारे बारा मिनिटांत वाइतेमाता बंदराच्या पलीकडे नेते. किनाऱ्याने टॉर्पेडो बे येथील नौदल संग्रहालयापर्यंत जावे आणि माउंगाउइका, म्हणजेच नॉर्थ हेडवर चढावे. १८८५ च्या सुमारास रशियन आक्रमणाच्या भीतीने येथे तोफा व भुयारे उभी राहिली. पलीकडे उतरून चेल्टनहॅमच्या वाळूवरून चालत ताकारुंगा टेकडीमार्गे धक्क्याकडे परतता येते. धक्क्यासमोर १९०३ सालची एस्प्लनेड हॉटेलची इमारत उभी आहे. जवळच्या व्हिक्टोरिया रोडवर पब आणि कॅफे आहेत. घरच्या ज्येष्ठांनाही ही वाट झेपते. चढ नको असल्यास किनाऱ्याचा सपाट रस्ता पुरेसा आहे.

दुसरी वाट एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जाणारी. व्हायाडक्ट बंदरापासून ओनेहुंगापर्यंतचा हा सुमारे १६ किलोमीटरचा मार्ग प्रशांत महासागराच्या बाजूचे वाइतेमाता आणि टास्मान समुद्राच्या बाजूचे मानुकाऊ ही दोन बंदरे जोडतो. वाटेत १९६ मीटर उंचीचा माउंगाफाउ, म्हणजेच माउंट ईडन, आणि माउंगाकिएकिए हे शांत झालेले ज्वालामुखी लागतात. शहरातील असे १४ माउंगा २०१४ च्या कायद्याने तेथील माओरी वंशसमूहांकडे परत गेले. त्यामुळे शिखरावरील विवराच्या खोलगट भागात न उतरणे हा देवळाबाहेर चपला काढण्यासारखाच आदर समजावा. माउंगाकिएकिएला लागून असलेले कॉर्नवॉल पार्क १९०१ मध्ये सर जॉन लोगन कॅम्पबेल यांनी लोकांना दान दिले. त्यांच्या उद्योगांत बिअरनिर्मितीही होती. चालण्याची हिरवळ आणि पबमधला पेला यांचे नाते या शहरात इतके जुने आहे.

तिसरी वाट शहराच्या उत्तरेची, पुहोईची. १८६३ मध्ये बोहेमियातून आलेल्या कुटुंबांनी हे गाव जंगल तोडून वसवले. तेथील पुहोई हॉटेल १८७९ पासूनचे आहे. देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जाणारा, सुमारे तीन हजार किलोमीटरचा ‘ते अरारोआ’ मार्ग याच गावातून जातो, त्यामुळे हॉटेलच्या अंगणात पाठीवरच्या मोठ्या पिशव्या टेकलेल्या दिसतात. जवळच समुद्रकाठी वेंडरहोम हे १९६५ मध्ये खुले झालेले ऑकलंडचे पहिले प्रादेशिक उद्यान आहे.

वाट कोणाची?

इंग्लंडमध्ये शेतांतून जाणाऱ्या हजारो मैलांच्या पायवाटांवर चालण्याचा हक्क कायद्याने राखलेला आहे. न्यूझीलंडमध्ये खासगी शेतजमिनीवरून फिरण्याचा असा सर्वसाधारण हक्क नाही. उद्याने, किनारपट्ट्यांवरील राखीव जागा आणि नकाशावर असूनही न बांधलेले सरकारी रस्ते यांवरच सार्वजनिक वाट असते; अन्यत्र मालकाची परवानगी घ्यावी लागते. त्यात कौरी वृक्षांना मारणाऱ्या मुळांच्या रोगाची भर पडली आहे. २०१७ मध्ये ते कावेराऊ आ माकी या माओरी वंशसमूहाने वाइताकेरे अरण्यात ‘राहुई’, म्हणजे प्रवेशबंदी, जाहीर केली आणि पुढच्या वर्षी महापालिकेने वनक्षेत्र बंद केले. नंतर सुधारलेल्या वाटा टप्प्याटप्प्याने उघडल्या. रोग मातीतून पसरतो, म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासून व औषध फवारूनच आत जायचे असते. हा नियम चुकवणारा प्रत्येक पाय पुढच्याची वाट बंद करतो.

परतीचा हिशेब

खरी चूक बहुधा परतीच्या वेळी होते. २०१४ च्या डिसेंबरपासून वीस वर्षे व त्यावरील चालकांसाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क अशी आहे. वीस वर्षांखालील चालकांसाठी ती शून्य आहे. थोडी मर्यादा ओलांडल्यास दंड व ५० डिमेरिट गुण, अधिक ओलांडल्यास न्यायालय. कायम वास्तव्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला हे विशेष महाग पडते, कारण व्हिसासाठी चारित्र्याची अट असते आणि अशी शिक्षा तिच्या आड येऊ शकते. म्हणूनच पहिल्या दोन वाटा फेरीबोट, बस किंवा रेल्वेने कराव्यात. पुहोईला मोटार लागतेच. तेथे न पिणारा चालक आधी ठरवावा.

भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत नेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाय मुरगळणे, पडणे अशा अपघाती दुखापतीच्या उपचारांना येथील सरकारी अपघात भरपाई योजना पाहुण्यांनाही मदत करते. आजारपणाला मात्र ती लागू नाही. त्यासाठी प्रवास विमा हवाच.

एवढी काळजी घेतली की मग चालायला अडचण उरत नाही. आणि मराठी मंडळींत सहसा एक तरी न पिणारा असतोच. या वाटांवर सर्वांना सुखरूप घरी आणण्याचा मान त्याचा.