गोवर्गीय जनावरांतील क्षयरोगाचे प्रयोगशालेय निदान : पद्धती, मर्यादा आणि निकालाचा अर्थ

प्रस्तावना

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयरोगाचा जिवाणू शोधून काढला, त्या वेळी मनुष्याचा क्षय आणि गाईचा क्षय एकाच जिवाणूमुळे होतो अशी समजूत होती. १८९८ साली अमेरिकी शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी या दोन जिवाणूंमधील भेद दाखवून दिला. पुढे १९०१ मध्ये लंडन येथील परिषदेत खुद्द कॉख यांनीच, गाईच्या क्षयापासून मनुष्यास फारसा धोका नाही, असे मत मांडले. ब्रिटिश शासनाने नेमलेल्या आयोगाने १९११ पर्यंत प्रयोग करून हे मत चुकीचे ठरविले. दुधावाटे हा रोग मनुष्यास, विशेषतः बालकांना, होतो हे तेव्हापासून निर्विवाद मानले जाते.

हा रोग जनावरात आहे की नाही हे ठरविण्याच्या पद्धती शंभर वर्षांत पुष्कळ वाढल्या. तथापि यांपैकी कोणतीही एक पद्धत अंतिम उत्तर देत नाही. प्रस्तुत लेखात या पद्धतींचा परिचय करून देऊन, त्यांच्या निकालांचा अर्थ कसा लावावा याचे विवेचन केले आहे.

निदानातील मूळ अडचण

गोवर्गीय क्षयाचा प्रमुख कारक जिवाणू मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा होय. तो अतिशय मंद गतीने वाढतो. संसर्ग झालेली गाय कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे, खाते-पिते, दूध देते आणि वरकरणी निरोगी दिसते. खोकला, कृशता, लसिकाग्रंथींची सूज ही लक्षणे दिसेपर्यंत गोठ्यातील इतर जनावरांना संसर्ग झालेला असू शकतो. म्हणून केवळ लक्षणांवरून निदान करणे निरुपयोगी ठरते.

जिवंत जनावरात जिवाणू प्रत्यक्ष सापडणेही अवघड असते. तो फुप्फुसातील व लसिकाग्रंथीतील गाठींमध्ये कोंडलेला असतो. दूध किंवा नाकातील स्राव यांत तो नेहमी उतरत नाही. परिणामी बहुतेक चाचण्या जिवाणूचा शोध न घेता, जनावराच्या शरीराने त्याला दिलेल्या प्रतिसादाचा शोध घेतात. या चाचण्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा दोन्ही येथेच आहेत.

ट्यूबरक्युलिन त्वचाचाचणी

कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरील औषध म्हणून ट्यूबरक्युलिन जाहीर केले. औषध म्हणून ते अयशस्वी ठरले, परंतु निदानाचे साधन म्हणून आजही टिकून आहे. सध्या जिवाणूंच्या संवर्धनातून मिळविलेले शुद्ध प्रथिन वापरले जाते. भारतात ते इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तयार होत आले आहे. या संस्थेचा आरंभ १८८९ साली पुण्यात झाला होता, ही बाब महाराष्ट्रीय वाचकास ठाऊक असावी.

चाचणीत जनावराच्या मानेवरील केस काढून त्वचेची जाडी कॅलिपरने मोजतात आणि सुमारे ०.१ मिलिलिटर ट्यूबरक्युलिन त्वचेच्या आत टोचतात. ७२ तासांनी त्याच ठिकाणची जाडी पुन्हा मोजली जाते. ती ४ मिलिमीटर वा अधिक वाढल्यास जनावर सकारात्मक, २ ते ४ मिलिमीटरमध्ये असल्यास संशयास्पद समजतात.

मात्र माती-पाण्यातील निरुपद्रवी मायकोबॅक्टेरिया, पक्ष्यांतील क्षयाचा जिवाणू किंवा जोन्स रोगाचा जिवाणू यांच्या संपर्कानेही सूज येऊ शकते. यावर उपाय म्हणून तुलनात्मक चाचणी करतात. मानेवर दोन ठिकाणी, एकीकडे गोवर्गीय व दुसरीकडे पक्षिवर्गीय ट्यूबरक्युलिन टोचले जाते. गोवर्गीय बाजूची सूज दुसरीपेक्षा ४ मिलिमीटरहून अधिक असेल तरच निकाल सकारात्मक धरतात.

याउलट चूकही संभवते. संसर्ग नुकताच झाला असेल, गाय नुकतीच व्यालेली असेल किंवा रोग फारच बळावला असेल तर सूज येतच नाही. म्हणजे सर्वांत धोकादायक जनावर चाचणीत निर्दोष ठरू शकते. एकदा चाचणी केल्यावर काही काळ प्रतिसाद मंदावतो. म्हणून पुढची चाचणी निदान ४२ दिवसांनी करावी असा दंडक आहे.

रक्तावरील चाचण्या

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात गॅमा इंटरफेरॉन चाचणी विकसित झाली. ताज्या रक्तात ट्यूबरक्युलिन मिसळून ते रात्रभर ऊबवणी यंत्रात ठेवतात. जनावरास पूर्वी संसर्ग झालेला असल्यास रक्तातील पेशी गॅमा इंटरफेरॉन स्रवतात व त्याचे प्रमाण एलायझा तंत्राने मोजता येते. ट्यूबरक्युलिनऐवजी ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने वापरल्यास विशिष्टता वाढते, कारण ती बहुतेक पर्यावरणीय मायकोबॅक्टेरियांत आणि बीसीजी लशीच्या जिवाणूत नसतात. जनावरापाशी एकदाच जावे लागते, हा या चाचणीचा लाभ होय. परंतु रक्तातील पेशी जिवंत असतानाच नमुना प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. तालुक्याच्या गावाहून दूर असलेल्या गोठ्याच्या बाबतीत ही अट सोपी नाही.

रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या स्वस्त व सुलभ आहेत, पण आरंभीच्या अवस्थेत त्या पुष्कळ जनावरे हुकवतात. बळावलेल्या रोगात, जेथे त्वचाचाचणी अपयशी ठरते, तेथे मात्र त्या पूरक ठरतात.

जिवाणूचा प्रत्यक्ष शोध

शवविच्छेदनात मिळालेल्या गाठींवर झील-नील्सन पद्धतीने रंजन केल्यास सूक्ष्मदर्शकाखाली लाल दंडगोल दिसतात. मात्र त्यासाठी नमुन्यात जिवाणूंची संख्या मोठी असावी लागते आणि त्यावरून जाती कळत नाही. संवर्धन ही आजही कसोटीची पद्धत मानली जाते. मनुष्यातील क्षयाचा जिवाणू ग्लिसरॉलयुक्त माध्यमावर जोमाने वाढतो. बोव्हिसला पायरुव्हेट असलेले माध्यम लागते. केवळ नेहमीचे माध्यम वापरणाऱ्या प्रयोगशाळेत बोव्हिस न सापडण्याचा संभव म्हणूनच अधिक असतो. निकालासाठी ८ आठवडे वा अधिक काळ थांबावे लागते.

पीसीआर तंत्राने हा काळ एक-दोन दिवसांवर आला असून जातिभेदही ओळखता येतो. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे, कारण बोव्हिसवर पायराझिनामाइड हे क्षयावरील प्रमुख औषध निसर्गतःच निष्प्रभ असते. वेल्लोर येथील रुग्णांच्या नमुन्यांवरील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूळ बोव्हिस आढळला नाही. त्याऐवजी मायकोबॅक्टेरियम ओरिजिस हा निकटचा जिवाणू आढळला. भारतात केवळ बोव्हिसचाच शोध घेणे पुरेसे नाही, हे यावरून ध्यानात येते.

निकालाचा अर्थ

समजा, एका चाचणीची संवेदनशीलता ८० टक्के व विशिष्टता ९८ टक्के आहे. १,००० जनावरांपैकी ५० रोगग्रस्त असल्यास त्यांतील ४० सापडतील व १० सुटतील. उरलेल्या ९५० निरोगी जनावरांपैकी १९ चुकीने सकारात्मक ठरतील. म्हणजे ५९ सकारात्मकांत जवळजवळ एक-तृतीयांश निरोगी असतील. आता रोगग्रस्त केवळ ५ असल्याचे धरू. ४ सापडतील, पण त्यांच्यासोबत सुमारे २० निरोगी जनावरेही दोषी ठरतील. चाचणी तीच, कौशल्य तेच. तरीही निकालाचा अर्थ कळपातील रोगाच्या प्रमाणानुसार पालटतो. एका गाईचा निकाल तिच्या कळपापासून तोडून वाचता येत नाही, तो यामुळेच.

निकालानंतरचा प्रश्न

ऑस्ट्रेलियाने १९७० पासून चाचणी व कत्तल हे धोरण राबवून १९९७ मध्ये रोगमुक्ती साधली. भारतात हा मार्ग जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण अधिनियमान्वये गाईच्या, तसेच २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीस मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी दोन गाईंवर संसार चालविणाऱ्या शेतकऱ्यास एक गाय गमावणे परवडणारे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणाने भारतातील या रोगाचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आणि बाधित जनावरांची संख्या सुमारे २ कोटी १८ लाख असल्याचा अंदाज वर्तविला. एवढ्या जनावरांची विल्हेवाट लावणे कल्पनेबाहेरचे आहे.

अशा स्थितीत सकारात्मक निकाल ही शिक्षा न ठरता कृतीची सूचना ठरावी. जनावर वेगळे बांधणे, दुसऱ्या तत्त्वावर आधारलेल्या चाचणीने खात्री करणे, ते बाजारात न विकणे, वासरांना त्याचे कच्चे दूध न पाजणे आणि गोठ्यात राबणाऱ्या माणसांची तपासणी करणे, या गोष्टी आजही शक्य आहेत. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापविल्यास हा जिवाणू नष्ट होतो. घरोघरी दूध उकळण्याची आपली रीत या दृष्टीने मोलाची आहे. संसर्ग झालेले जनावर गुपचूप विकले जाणे हा खरा धोका असून, शेतकऱ्यास भरपाईची हमी नसेल तर तो टळणार नाही.

समारोप

त्वचाचाचणी कळपाची चाळणी करते, रक्तचाचणी सुटलेली जनावरे पकडते, संवर्धन व पीसीआर जिवाणूची ओळख पटवतात. या तिन्हींची सांगड घातली तरच निदान विश्वसनीय होते. तथापि चाचणीने दिलेले उत्तर पेलण्याची व्यवस्था नसेल, तर शेतकरी चाचणीच टाळेल. गोवर्गीय क्षयाचे नियंत्रण म्हणूनच पशुवैद्यक, वैद्यक, अर्थशास्त्र आणि विधी या चारही शाखांच्या अभ्यासकांचा समाईक विषय ठरतो.