ध्वनिकेबलींची सांधणी : अंतर्गत तारांची ओळख व ध्रुवतेचा प्रश्न

प्रस्तावना :
महाविद्यालयीन सभागृहे व भाषा प्रयोगशाळा यांतील ध्वनियंत्रणेचा सर्वाधिक दुर्लक्षित घटक म्हणजे केबल होय. ती पायाखाली तुडविली जाते, खुर्चीखाली चेंगरते आणि बहुधा प्लगजवळ तुटते. तिची सांधणी हे किरकोळ काम समजले जाते. परंतु तारांची अदलाबदल झाल्यास यंत्रणा बंद पडतेच असे नाही. ती सदोष स्थितीत चालू राहू शकते, आणि असा दोष शोधणे अधिक कठीण असते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने तारांच्या ओळखीचा विचार केला आहे.

मायक्रोफोनची केबल :
सभागृहातील मायक्रोफोनच्या संतुलित केबलमध्ये दोन वाहक तारा व त्यांभोवती तांब्याची जाळी असते. मिक्सर दोन तारांवरील संकेतांमधील फरक तेवढाच स्वीकारतो. बाहेरून शिरलेला व्यत्यय दोन्हींवर जवळजवळ सारखाच असल्याने तो वजा होतो. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत पिन १ जाळीस, २ धन तारेस व ३ ऋण तारेस देण्याचा संकेत रूढ आहे. सांधताना २ व ३ च्या तारा उलटल्या, तरी तो मायक्रोफोन एकटा वापरल्यास आवाज स्वच्छच येतो. मात्र एकाच वक्त्यापुढे दोन मायक्रोफोन असतील, तर त्यांचे संकेत परस्परांस छेदतात आणि विशेषतः खालच्या वारंवारतेचा आवाज क्षीण होतो. मग दोष मिक्सरला, सभागृहाच्या रचनेला, प्रसंगी वक्त्याच्या गळ्यालाही दिला जातो!

तारांच्या रंगांवर विसंबणे योग्य नव्हे, कारण रंगयोजना उत्पादकानुसार बदलते. केबल दोन्ही टोकांस यंत्रापासून सोडवून, प्रत्येक तुकड्यातील कोणती तार कोणत्या पिनेशी जोडलेली आहे, हे मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी चाचणीने पाहावे.

हेडफोनची केबल :
येथील केसासारख्या बारीक तारांवर लाखेसारखा रंगीत रोधक लेप असतो. तो न काढता केलेला सांधा वरकरणी पक्का दिसूनही वीज वाहत नाही. बारीक पॉलिश पेपरने किंवा तापलेल्या सोल्डरच्या थेंबात तार काही क्षण धरून लेप काढावा. आतील धागेही कापून टाकावेत. तीन तारांपैकी सामायिक तार ओळखण्याचा उपाय सोपा आहे. दर दोन तारांमधील रोध मोजावा. प्रत्येक कानाचा रोध सुमारे ३२ ओहम असल्यास दोन जोड्यांत ३२ व एका जोडीत ६४ ओहम आढळतील. ६४ ओहम दाखविणाऱ्या तारा डाव्या-उजव्या कानांच्या व उरलेली सामायिक. मल्टिमीटर लावताना होणारी सूक्ष्म टिकटिक कोणत्या कानात येते, यावरून डावे-उजवेही ठरते. प्लगचे टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्याचे व मागील भाग सामायिक असतो. मायक्रोफोनयुक्त चार भागांच्या प्लगमध्ये मात्र दोन भिन्न पद्धती प्रचलित असून त्यांत मायक्रोफोन व सामायिक यांच्या जागा उलट असतात.

सांधणी :
हीट श्रिंक नळी तारा जोडण्यापूर्वीच ओवावी लागते. नंतर आठवण होऊन उपयोग नाही. तारा कमीअधिक लांबीवर कापाव्यात, म्हणजे सांधे समोरासमोर येत नाहीत. मायक्रोफोनच्या केबलमध्ये जाळी सांध्याभोवती पूर्ण गुंडाळून सोल्डर करावी. जाळीत खिंड राहिल्यास मोबाइलची किरकिर तेथून शिरते. शेवटी सांधलेल्या केबलचा मायक्रोफोन चांगल्या केबलच्या तशाच मायक्रोफोनला चिकटवून ठेवावा व एकाच व्यक्तीस बोलावयास सांगावे. दुसऱ्याची पातळी वाढविताच आवाज खालावल्यास सांधा उघडून धन व ऋण तारांची अदलाबदल करावी.