कावेरीकाठचं मराठी बिऱ्हाड

परदेशातल्या एखाद्या शांत, स्वस्त गावी बिऱ्हाड हलवायचा बेत आहे? घरभाडं, दवाखाना, बाजारभाव यांची चौकशी आपण करतोच. मुलांच्या भाषेचं काय, हे मात्र तंजावूरला विचारावं.

शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास इथे गादीवर आले. त्यांच्या राज्यात मराठी कुटुंबं कावेरीकाठी रुजली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा मराठी शिलालेख आजही आहे. १८५५ मध्ये राजे शिवाजी निपुत्रिक वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं. दरबार गेला, मुलं तमिळ शाळांत शिकली. घरात बोलली जाणारी मराठी मात्र, तमिळ वळण घेऊन का होईना, अनेक कुटुंबांत टिकली.

तेव्हा परमुलखात बाहेरची भाषा जरूर शिका. जेवणाच्या पानावर मात्र मराठीच बोला!